तैलखडूंनी पक्षिचित्रण

चित्रकलेच्या तासाला पक्ष्याचे चित्र काढावयास सांगितले असता बहुतेक मुले पोपट किंवा मोर काढतात. तो पोपट अंकलिपीतील असतो, झाडावरील नव्हे. सुट्टीच्या दिवशी गुरे राखताना ज्या मुलाने टिटवीची अंडी उघड्या माळावरच्या खड्यांत पाहिली आहेत, डोक्यावर घिरट्या घालून तिने केलेला आकांत ऐकला आहे, तो मुलगाही शाळेत येताच अंकलिपीतील पोपटच गिरवितो. आपल्या ओळखीची टिटवी शाळेत चालते, असे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. ही उणीव भरून काढण्यास तैलखडूइतके सोयीचे साधन दुसरे नाही. किंबहुना ते साधन निर्माण झाले तेच अशा एका चळवळीतून.

जपानी शाळांतून पूर्वी छापील नमुन्यांची हुबेहूब नक्कल करणे म्हणजेच चित्रकला, असा प्रघात होता. कानाए यामामोतो (१८८२–१९४६) या ठसाचित्रकाराने त्याविरुद्ध आवाज उठविला. फ्रान्समध्ये शिक्षण घेऊन रशियामार्गे मायदेशी परतल्यावर त्यांनी १९१९ साली नागानो प्रांतातील एका प्राथमिक शाळेत मुलांच्या मुक्त चित्रांचे प्रदर्शन भरविले, आणि मुलांनी नमुना न पाहता निसर्ग पाहावा असा आग्रह धरला. अशा चित्रांस साजेसा खडू मात्र मिळत नव्हता. मेणखडू कठीण व फिके; कोरडे पेस्टल तेजस्वी खरे, परंतु ठिसूळ आणि भुकटी सांडणारे. १९२५ साली साकुरा या जपानी कंपनीने रंगद्रव्य, मेण व तेल यांच्या मिश्रणाचा खडू बाजारात आणला. आज आपल्या शाळांतून मुलांच्या दप्तरात आढळणारा तैलखडू तो हाच.

हा खडू बोथट असतो, हाच त्याचा गुण होय. त्याने बारीक बाह्यरेषा काढता येत नाही, खोडरबर त्यावर चालत नाही. त्यामुळे मुलाला आकार एकदम, घनरूपाने मांडावा लागतो. पेन्सिलीने रेषा आखून घेऊन आत रंग भरण्याची सवय आपणच मुलांना लावली आहे, आणि तीमुळे पक्षी पत्र्यातून कापल्यासारखा दिसतो. यास्तव आरंभी पेन्सिली बाजूस ठेवाव्यात. खडूवरील कागद काढून टाकावा आणि तो आडवा धरून अंड्यासारखे धड, त्यावर लहान गोल डोके, एवढेच उमटवून घ्यावे. कागद पांढराच हवा असे नाही. वह्यांच्या वेष्टनासाठी आणलेला खाकी कागद उत्तम. त्याची चकचकीत बाजू सोडून खरखरीत बाजू वापरावी. त्या कागदाचा मूळ रंगच मध्यम छायेचे काम करतो, आणि मुलाला केवळ उजेड व अंधार यांचा विचार करावा लागतो.

पाहणे मात्र रंगविण्याच्या आधी झाले पाहिजे. त्यासाठी सहलीची आवश्यकता नाही. दुपारच्या पोषण आहाराच्या वेळी सांडलेल्या शितांवर साळुंक्या, चिमण्या व कावळे येतात. मुलांना दहा मिनिटे कागदाविना बसवावे आणि प्रश्न विचारावेत. चिमणी उड्या मारीत जाते, साळुंकी कशी जाते? (ती पावले टाकीत चालते.) साळुंकीच्या पंखावरील पांढरा पट्टा केव्हा ठळक दिसतो? पाय धडाला कोठे जोडलेला आहे? या शेवटच्या प्रश्नावर बराच वेळ खर्च झाला तरी हरकत नाही. मुले पाय शेपटीजवळ लावतात आणि पक्षी पुढे कोलमडतो. मागे वाकलेला जो सांधा आपण गुडघा समजतो, तो वस्तुतः घोटा होय; खरा गुडघा पिसांत झाकलेला असतो. हे एकदा समजले की पक्षी कागदावर उभा राहतो. पक्षी पकडून वर्गात आणण्याचा उत्साह मात्र कोणी दाखवू नये. पोपटासारखे देशी पक्षी पकडणे वा पिंजऱ्यात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे.

रंगकामाच्या दृष्टीने विहिरीच्या काठी वा तारेवर बसणारा खंड्या हा चांगला धडा ठरतो. त्याचे डोके व पोट गडद तपकिरी, गळा व छाती पांढरी, पाठ निळी, चोच आणि पाय तांबडे. येथे क्रमाला महत्त्व आहे. कोरड्या पेस्टलमध्ये गडदावर फिकट रंग चढविता येतो. तैलखडूचा पांढरा तपकिरीवर घासला तर मळतो. म्हणून छाती प्रथम स्वच्छ पांढऱ्याने भरावी, नंतर तपकिरी रंग तिच्या कडेपर्यंत आणावा. दर वेळी खडूचे टोक चिंधीस पुसून घ्यावे. पाठीचा निळा एका खडूने साधत नाही. निळ्यावर हिरवट हात फिरवावा. पिसातील ही निळाई रंगद्रव्याची नसून पिसाच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश विखुरल्याने दिसते. ते पीस कुटले तर निळी पूड मिळत नाही! विज्ञानाच्या तासाला हा विषय अवश्य निघावा.

कावळ्यासाठी मुले काळा खडू उचलतात. तो तूर्त काढून घ्यावा. गर्द निळा व तपकिरी एकमेकांवर घासले असता जो काळेपणा येतो त्यात पिसांची झाक राहते, आणि गावकावळ्याची मान करडी असते हेही मग मुलांच्या ध्यानात येते. डोळा सर्वांत शेवटी काढावा. बाभळीच्या काट्याने रंगाचा थर किंचित खरवडला की बुबुळावरील उजेडाचा ठिपका उमटतो. पंखांच्या पिसांच्या कडाही त्याच काट्याने काढता येतात. पिसे ज्या दिशेने वळली असतील त्याच दिशेने हात चालावा. खारीच्या शेपटीस व शेळीच्या केसांसही हेच लागू आहे.

खडूंच्या पेट्या पुरेशा नसतील तेथे शिक्षकांनी फळ्याचाच उपयोग करावा. काळ्या फळ्यावर पांढरा खडू आडवा धरून काढलेला बगळा हे गडद कागदावरील पेस्टलचित्रच असते.

गुण देताना स्वच्छतेस फार महत्त्व देऊ नये. बोटांचे ठसे उमटलेली, पण टिटवीचे पिवळे लांब पाय अचूक ठिकाणी लावलेली टिटवी नीटनेटक्या पोपटापेक्षा वरची समजावी. चित्रे एकावर एक ठेवताना मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालावा आणि उन्हाळ्यात गठ्ठा पत्र्याच्या छपराखाली राहू देऊ नये. तैलखडूचा रंग उष्णतेने मऊ पडून कागद परस्परांस चिकटतात.