खेळाडूंचं हृदय आणि मोबाईलवरचा ईसीजी

8 जुलै 2017. ऑस्ट्रियात आयाक्स आणि वेर्डर ब्रेमेन यांचा मैत्रीपूर्ण सामना सुरू होता. आयाक्सचा मोरोक्कन वंशाचा 20 वर्षांचा खेळाडू अब्देलहक नूरी मैदानातच कोसळला. हृदयाची लय बिघडली होती. जीव वाचला, पण मेंदूला कायमची इजा झाली.

अशी वेळ क्वचित येते. पण सराव करताना एखादा मुलगा म्हणतो, "सर, छातीत धडधडतंय." आपण त्याला सावलीत बसवतो, पाणी देतो. दवाखान्यात पोहोचेपर्यंत धडधड थांबलेली असते आणि ईसीजी नॉर्मल येतो. मग नेमकं काय झालं होतं, ते कळतच नाही.

इथे मोबाईलला जोडणारं छोटं ईसीजी यंत्र कामी येतं. कार्डियामोबाईल हे त्यातलं एक. 2012 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा यंत्राला मान्यता दिली. पट्टीवरच्या दोन धातूच्या चकत्यांवर दोन्ही हातांची बोटं ठेवायची आणि 30 सेकंद न हलता बसायचं. हृदयातले विजेचे सूक्ष्म संकेत मोबाईलवर आलेखाच्या रूपात उमटतात. धडधड चालू असतानाच आलेख काढून ठेवला, तर तो डॉक्टरांना दाखवता येतो. पळताना मात्र तो नीट येत नाही. थांबून, बसूनच काढावा लागतो.

आता मर्यादाही समजून घेऊ. दवाखान्यातला ईसीजी हृदयाकडे 12 बाजूंनी पाहतो, हे यंत्र बहुधा एकाच बाजूने. हार्ट अटॅक यात ओळखता येत नाही. हृदयाचे स्नायू जन्मजात जाड असतील, तर तेही सुटू शकतं. उलट, नियमित सराव करणाऱ्यांची नाडी आरामात असताना मिनिटाला 60 पेक्षा कमी असणं सहसा आजार नसतो, तरी यंत्र "ठोके मंद" असं सांगू शकतं. तेवढ्याने घाबरून जाऊ नये.

म्हणून यंत्राने "नॉर्मल" म्हटलं, तरी या गोष्टी अंगावर काढू नका: खेळताना चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं किंवा घराण्यात कुणाचा तरुणपणी अचानक इंतकाल झालेला असणं. अशा मुलाचा खेळ थांबवा आणि आधी हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि कुणी कोसळलं, श्वास नीट चालत नसेल, तर मोबाईलवर आलेख काढत बसू नका. त्याच मोबाईलवरून 108 ला फोन लावा आणि छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा जोराने दाबत राहा. दुआ करूच, पण हात थांबू देऊ नका.