फुप्फुस म्हणजे फुगा नव्हे

श्वसनसंस्थेचा पाठ आला की बहुतेक शाळांतून एक प्रतिकृती टेबलावर येते. बूड कापलेली बाटली, बुचातून आत सोडलेली दुतोंडी नळी, नळीच्या टोकांना बांधलेले दोन फुगे आणि खाली ताणून बसवलेला रबरी पडदा. पडदा खाली ओढला की फुगे फुगतात, सोडला की मिटतात. श्वासपटल खाली सरकले की छातीची पोकळी वाढते, आतला दाब उतरतो व बाहेरची हवा आपोआप आत शिरते, ही गोष्ट इतक्या चटकन पटवून देणारे दुसरे साधन नाही. तेव्हा ते वापरावेच. पण त्यामुळे मुलांच्या मनात एक चित्र पक्के बसते, की फुप्फुस म्हणजे पोकळ फुगा. हे चित्र चुकीचे आहे आणि खरी गंमत नेमकी तिथेच दडलेली आहे.

गळ्याच्या पुढच्या बाजूस, कंठमण्याच्या खाली बोटे फिरवून पाहिली तर श्वासनलिकेची कडी हाताला लागतात. ही कूर्चेची कडी पूर्ण गोल नसतात. मागच्या बाजूस, जिथे अन्ननलिका टेकलेली असते, तिथे ती उघडी असतात. छातीत उतरल्यावर नलिकेचे दोन फाटे होतात. उजवा फाटा डाव्यापेक्षा रुंद आणि अधिक सरळ असतो, म्हणून हसताखेळताना लहान मुलाच्या श्वासमार्गात गेलेला शेंगदाणा पुष्कळदा उजव्या बाजूस सापडतो. फाट्यांना फाटे फुटत साधारण २३ पिढ्या होतात. पहिल्या १६ पिढ्या म्हणजे नुसते रस्ते. शांतपणे घेतलेल्या श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत जाते. त्यातली १५० मिलिलिटर या रस्त्यांतच राहते आणि रक्ताशी तिची भेटही होत नाही.

शेवटी येतात वायुकोश. प्रत्येकाचा व्यास सुमारे ०.२ मिलिमीटर आणि संख्या तीस ते पन्नास कोटी. फुप्फुस कापले तर आत पोकळी दिसत नाही, दिसतो तो बारीक जाळीचा स्पंज. असे का, हे विद्यार्थ्यांना गणित घालूनच दाखवावे. तीन-तीन लिटरचे दोन गोल फुगे घेतले, तर दोहोंचे मिळून आतले क्षेत्रफळ ०.२ चौरस मीटर भरते, म्हणजे वर्तमानपत्राच्या एका पानाएवढे. तेवढीच हवा वायुकोशांत वाटून दिली की हे क्षेत्रफळ ७० चौरस मीटरांच्या वर जाते. बॅडमिंटनचे अख्खे मैदान त्याहून फारसे मोठे नसते. या मैदानावर हवा आणि रक्त यांच्यामध्ये असलेला पडदा वहीच्या कागदाच्या शंभराव्या हिश्श्याइतकाच जाड असतो.

आता अडचण पाहा. वायुकोशाची आतली बाजू ओली असते, आणि ओल म्हटली की पृष्ठताण आला. पाण्याचा पृष्ठभाग आक्रसू पाहतो. गोल पोकळीत त्यामुळे निर्माण होणारा दाब म्हणजे पृष्ठताणाची दुप्पट भागिले त्रिज्या. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण आणि ०.१ मिलिमीटर त्रिज्या घातली, तर उत्तर येते सुमारे १४ सेंटिमीटर पाण्याच्या दाबाइतके. मिटलेला कोश उघडताना दर श्वासाला एवढा जोर लावायचा, तर माणूस श्वास घेऊनच दमून जाईल. ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीचे तोंड उघडताना कशी खटपट करावी लागते, ते आठवावे.

कुर्ट फॉन नेरगार्ड यांनी १९२९ साली फुप्फुसे एकदा हवेने आणि एकदा द्रवाने भरून पाहिली. द्रवाने भरताना कितीतरी कमी दाब पुरला, कारण हवा आणि पाणी यांच्यामधला पृष्ठभागच उरला नव्हता. या प्रयोगाकडे पंचवीस-एक वर्षे कुणी फारसे लक्ष दिले नाही. १९५५ ते १९५७ या काळात इंग्लंडमध्ये पॅटल आणि अमेरिकेत क्लेमंट्स यांनी दाखवले, की फुप्फुसातच पृष्ठताण कमी करणारे एक द्रव्य असते. ते मुख्यतः फॉस्फरसयुक्त मेदाचे असते, जोडीला काही प्रथिने असतात आणि वायुकोशाच्या भिंतीतल्याच विशिष्ट पेशी ते तयार करतात. डॉक्टर मंडळी त्याला सर्फॅक्टंट म्हणतात.

वर्गात पसरट ताटलीतल्या पाण्यावर टाल्कम पावडर भुरभुरून मधोमध साबणाचा थेंब सोडला तर पावडर झटकन कडेला पळते. पृष्ठताण घटल्याची ही खूण. पण सर्फॅक्टंट साबणाच्या पुढचे आहे. उच्छ्वासात कोश लहान होऊ लागला की त्याचे रेणू दाटीवाटीने उभे राहतात आणि पृष्ठताण जवळजवळ शून्यावर येतो, म्हणजे कोश मिटण्याचा धोका सर्वांत जास्त असतो नेमका तेव्हाच. (लहान कोशातली हवा मोठ्या कोशात शिरून लहान कोश मिटेल, असे बऱ्याच पुस्तकांत दोन सुट्या बुडबुड्यांचे चित्र काढून सांगितलेले असते. ते पूर्णपणे मानू नये. कोश सुटे नसतात. शेजाऱ्यांच्या भिंती सामाईक असतात आणि त्या एकमेकींना ताणून धरतात.)

हे द्रव्य नसेल तर काय होते, ते बोस्टनमध्ये मेरी एलन एव्हरी आणि त्यांचे सहकारी मीड यांनी १९५९ साली दाखवले. दिवस भरण्यापूर्वी जन्मून श्वासाच्या त्रासाने दगावलेल्या बाळांच्या फुप्फुसांत पृष्ठताण उतरतच नव्हता. ही बाळे प्रत्येक श्वास जणू पहिलाच असावा तशी घेत होती. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोंहून थोडे अधिक. तो ३९ तास जगला. कारण ठाऊक झाले होते, उपाय मात्र अध्यक्षांच्या घरीही नव्हता.

उपाय दोन बाजूंनी आला. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स मेंढ्यांवर वेगळाच अभ्यास करत होते. स्टेरॉइड दिल्यावर वेळेआधी जन्मलेल्या कोकरांची फुप्फुसे अपेक्षेपेक्षा चांगली फुगलेली त्यांना आढळली. हॉवी यांच्याबरोबर त्यांनी गरोदर स्त्रियांना असे इंजेक्शन दिले आणि १९७२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९८० साली जपानमध्ये फुजिवारा यांनी गायीच्या फुप्फुसापासून तयार केलेले सर्फॅक्टंट दहा बाळांच्या श्वासनलिकेत सोडले. आता नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागांत हे दोन्ही उपाय नित्याचे आहेत. जोडीला नाकावाटे सतत थोडा दाब देऊन कोश उघडे ठेवण्याची साधी सोयही असते.

गर्भात सर्फॅक्टंट साधारण चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास बनू लागते, आणि पुरेसे होण्यास चौतिसावा-पस्तिसावा आठवडा उजाडतो. आईला दिलेल्या इंजेक्शनाचा पुरता गुण यायला एखादा दिवस लागतो. त्यामुळे सातव्या-आठव्या महिन्यात पोटात कळा येऊ लागल्या तर घरी वाट न पाहता, जिथे नवजात बाळांची सोय आहे अशा रुग्णालयात त्या बाईला लगेच न्यावे. वरच्या वर्गांना हा पाठ शिकवताना एवढे जरूर सांगावे.