फुप्फुस आणि पेशींचे निरोप

कृष्णाकांठीं राहणाऱ्यांस फुप्फुसाची रचना समजावून सांगणें फारसें अवघड नाहीं. सांगलीजवळ हरिपूरच्या संगमावर उभें राहावें आणि मनानें प्रवाहाच्या उलट निघावें. तेथेंच वारणा वेगळी होते. पुढें ब्रह्मनाळास येरळा, कऱ्हाडास कोयना, सातारच्या माहुलीस वेण्णा. आणि त्या प्रत्येकीस ओढे फुटत जाऊन अखेर आपण डोंगरांतल्या झऱ्यांशीं पोंचतों. आंत घेतलेला श्वास असाच चालतो. श्वासनलिकेचे दोन फांटे होतात, त्यांचे पुन्हां दोन, असें सुमारें २३ वेळां घडून शेवटीं वायुकोश लागतात. प्रौढ माणसाच्या फुप्फुसांत ते तीस ते पन्नास कोटी असतात.

नदीला वाट दाखवावयास उतार असतो. गर्भाच्या उरांत उतार नाहीं, आणि नकाशा घेऊन उभा राहिलेला गवंडीही नाहीं. मग येथें फांटा फुटावा, तेथें फुटूं नये, हें पेशींस सांगतें कोण?

याचें पहिलें स्पष्ट उत्तर पिकल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या इवल्याशा फळमाशीकडून मिळालें. तिला फुप्फुसें नसतात. सर्वांगांत हवेच्या बारीक नळ्या पसरलेल्या असतात. १९९६ सालीं अमेरिकेंत स्टॅनफर्ड विद्यापीठांतील मार्क क्रॅस्नो आणि त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं, एक विशिष्ट जनुक बिघडलें तर या नळ्यांस फांद्याच फुटत नाहींत. त्या जनुकाचें नांव ‘ब्रँचलेस’, म्हणजे ‘निःशाख’. जनुक बिघडल्यावर जें उणें दिसतें तेंच त्याचें नांव ठेवावयाचें, अशी या शास्त्रज्ञांची उफराटी चाल आहे. नवख्याची तिच्यामुळें फार फसगत होते. जनुक म्हणजे पेशींतील आनुवंशिक आज्ञालेख. या आज्ञेवरून नळीबाहेरच्या पेशी एक प्रथिन बनवून सोडतात, आणि नळीच्या टोंकाच्या पेशी तें ओळखतात. निरोप जिकडून येतो तिकडे टोंक सरकतें.

मनुष्यादि सस्तन प्राण्यांत हेंच काम त्याच कुळांतील एफजीएफ-१० हें प्रथिन करितें. १९९८ व १९९९ सालीं त्याचें जनुक नसलेले उंदीर प्रयोगशाळेंत निपजविण्यांत आले. त्यांची श्वासनलिका तयार झाली, पण खालीं येऊन ती नुसतीच संपली, फुप्फुसें नव्हतींच. पिल्लें जन्मतांच मेलीं. त्यांस पायही नव्हते, कारण फुप्फुसाच्या अंकुरास ‘वाढ’ म्हणणारें प्रथिन पायाच्या अंकुरासही तेंच सांगतें. निसर्गाचा शब्दसंग्रह मोठा काटकसरीचा दिसतो! अर्थात् नुसतें ‘वाढ’ म्हणून भागत नाहीं. वाढतें टोंक उलट दुसरें प्रथिन सोडून जवळच्या पेशींस ‘आतां पुरे’ असें कळवितें. मग पहिला निरोप मध्यें मंदावतो, दोन्ही बाजूंस शिल्लक राहतो, आणि टोंक दुभंगतें, असें पुष्कळ संशोधक मानतात.

वायुमार्गांचें हें फांटे फुटणें गर्भारपणाच्या सोळाव्या-सतराव्या आठवड्याच्या सुमारास आटोपतें. वायुकोश जन्मानंतरही कांहीं वर्षें वाढतात. परंतु वायुमार्गांच्या फांद्या कायमच्या ठरून जातात.

एके काळीं क्षयरोग्यांस पांचगणीच्या थंड हवेंत किंवा मिरजेजवळ वानलेसवाडीच्या आरोग्यधामांत पाठवीत. तेव्हां छातीच्या आजाराचा विचार जंतू आणि हवा या दोहोंतच बहुधा संपत असे. आतां त्यांत तिसरें कलम आलें आहे. एफजीएफ-१० च्या जनुकाच्या दोन प्रतींपैकीं एकच धड असलेल्या माणसांचा श्वास त्यांच्या निरोगी भावंडांपेक्षां अधिक अडतो, असें २०११ सालीं स्वीडनमधील दोन कुटुंबांत आढळलें. विडीस न शिवलेल्यांनाही जुनाट श्वासरोध होतो, आणि चुलीचा धूर हें त्याचें एक मोठें कारण आहे, हें पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनीं पीटर बार्न्स यांच्यासह २००९ सालीं मांडलेंच होतें.

सातव्या महिन्यांतलें मूल जगतें, आठव्यांतलें जगत नाहीं, अशी समजूत अजून कांहीं घरांत आहे. ती साफ खोटी आहे. वायुकोश मिटून चिकटूं नयेत म्हणून त्यांस आंतून एक स्निग्ध लेप लागतो. तो पुरेसा तयार होण्यास सुमारें ३४-३५ आठवडे जातात. लेप बनविण्याची आज्ञा जागी करणारा एक निरोप्या म्हणजे कॉर्टिसोल. न्यूझीलंडमध्यें ग्रॅहॅम लिगिन्स मेंढ्यांवर वेगळ्याच हेतूनें प्रयोग करीत होते. या जातीचें औषध मिळालेलें, फार अवेळीं जन्मलेलें कोंकरूं श्वास घेत राहिलें, हें पाहून ते चकित झाले. १९७२ सालीं त्यांनीं रॉस हाउई यांच्यासह गर्भवती मातांवरील चाचणी प्रसिद्ध केली. २०२० सालीं भारतासह पांच देशांतील चाचणींतही या वर्गांतील डेक्सामेथासोन मातेस दिल्यानें नवजात मृत्यू घटल्याचें दिसून आलें.

हें इंजेक्शन महाग नाहीं. अडचण आहे ती वेळेची. औषधाचा पुरा गुण येण्यास सुमारें एक दिवस लागतो. शिवाय दिवस किती गेले हें नक्की ठाऊक असावें लागतें, आणि मूल पुढें सांभाळूं शकेल असें रुग्णालय गांठावें लागतें. ऊसतोडीच्या हंगामांत बीडकडून साताऱ्या-सांगलीच्या फडांवर आलेल्या गर्भवतीला हें तिन्ही जमणें किती कठीण, तें सांगावयास नको. अवेळीं कळा लागल्यास परिचारिकेनेंच पहिली मात्रा देऊन तिला पुढें पाठवावें, अशी केंद्र सरकारची २०१४ सालची मार्गदर्शक सूचना आहे. शहरांतल्या घरांत अडचण निराळी असते: मोटार दाराशीं असते, पण कळा खऱ्या कीं खोट्या हें पाहण्यांत रात्र जाते. चौतिसाव्या आठवड्याच्या आंत कळा आल्या तर तत्काळ निघावें, म्हणजे ती मात्रा लागू पडावयास अवधि मिळतो.