घोडा कुठून आला, ते विचारू नका

टेबलावर एक फोटो. पोह्यांची गाडी आणि तिच्यासमोर सायकल धरून उभे एक म्हातारे गृहस्थ. हातात बशी नाही, नजर रस्त्यापलीकडे. फोटो पाहणाऱ्या आजींना स्मृतिभ्रंश आहे. म्हणून ‘ओळखा पाहू, कोण आहे हे?’ असं त्यांना विचारायचं नाही. विचारायचं, ‘ह्यांचं नाव काय ठेवू या?’

इंदूरच्या रामबागेत, लोकमान्य नगरात, कुठल्याही मराठी घरात दुपारच्या चहाआधी अशी गोष्ट रचणं जमण्यासारखं आहे. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं मोठ्या कागदावर ठळक अक्षरांत लिहायचं. समजा, नाव ठरलं वामनराव. कुणाची वाट बघतायत? ‘घोड्याची.’ पोह्यांच्या गाडीपाशी घोडा कुठून आला, हे विचारायचं नाही, लिहून घ्यायचं. मध्येच एखादं वाक्य हिंदीत येईल. इंदुरी मराठीत ते यायचंच! तेही जसंच्या तसं उतरवायचं. चार-पाच उत्तरं झाली की गोष्ट पहिल्यापासून मोठ्यानं वाचायची, म्हणजे सुटलेला धागा पुन्हा हाती लागतो.

सगळ्यात अवघड काम म्हणजे गप्प बसणं. उत्तर यायला वेळ लागतो आणि घरच्यांना तेवढा धीर नसतो. सून सुचवते, मुलगा दुरुस्त करतो, नातू हसतो. गोष्ट तिथंच संपते.

ही पद्धत अमेरिकेतल्या अ‍ॅन बास्टिंग यांची. 1996मध्ये मिलवॉकीच्या एका वृद्धाश्रमात आठवणी काढून घेण्याचे त्यांचे प्रयत्न फसत होते. मग त्यांनी मासिकातलं सिगारेटच्या जाहिरातीतल्या काउबॉयचं चित्र फाडून समोर ठेवलं आणि आठवू नका, रचा, असं सांगितलं. एरवी मुकी बसणारी माणसं बोलू लागली. त्यातूनच पुढे ‘टाइमस्लिप्स’ ही संस्था उभी राहिली.

आपल्याकडे अडचण सुरू होते ती आजाराला आजार न मानण्यापासून. मराठीत ‘साठी बुद्धी नाठी’, हिंदीत ‘सठिया गए हैं’. इंदूरकरांना दोन्ही सारखेच तोंडपाठ. जगभरच्या सुमारे 70 हजार लोकांच्या 2019च्या पाहणीत दोन तृतीयांश लोकांना स्मृतिभ्रंश हा म्हातारपणाचाच भाग वाटत होता. आरोग्यक्षेत्रातले 62 टक्के लोकही त्याच मताचे निघाले, हे जास्त चिंतेचं. भारतात साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाखांना, हा आजार असल्याचा अंदाज आहे.

अशा माणसाशी वागायचं कसं, ते सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात दिसतं. संस्कृतचे पंडित चक्रपाणी शास्त्री हत्तीमागून चालत हरवतात. माहुताची बायको चन्नम्मा त्यांची परीक्षा घेत नाही. लेकरासारखं त्यांना जेवू घालते. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शास्त्रींचं काम करणारे डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत.

गोष्टी रचून आजार बरा होत नाही, आणि तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. सांभाळणाऱ्याला मदत मिळाली, तर त्याच्या मनावरचा ताण मात्र कमी होऊ शकतो. गोव्यात 81 कुटुंबांबरोबर झालेल्या प्रयोगात प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते घरोघर गेले. सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारल्याचं 2008मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसलं.

गप्प बसण्याचा धीर घराबाहेरही लागतो. इंदूरच्या मराठी मंडळींना नाटकाचं वेड आहे. ‘सानंद’ या संस्थेचे नाट्यप्रयोग इथे भरगच्च होतात. पुढच्या प्रयोगाला आजोबांना घरी बसवून जाऊ नका. कडेची खुर्ची घ्या, म्हणजे मध्येच उठता येईल. आणि मागच्या रांगेतून कुणी आजोबा अवेळी मोठ्यानं बोलले, तर कृपा करून मागे वळून बघू नका.