परदेशी शिक्षणाचा पैसा : कोणाचा, कोणत्या अटीवर?

भीमराव आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. तिचा करार मात्र फारसा कोणी पाहत नाही. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे आणि शिक्षण संपल्यावर बडोदे संस्थानची दहा वर्षे नोकरी. हे दान नव्हते. पुढच्या श्रमावर दिलेली उचल होती.

मुदत वाढवून मिळाली, पण १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुस्तकांचे सामान ज्या जहाजात होते ते पाणतीराने बुडाले. त्याच्या भरपाईपोटी थॉमस कुक कंपनीकडून सहाशे रुपये आले, म्हणून बडोद्याला रुजू होण्याचा खर्च भागला! तिथे अस्पृश्य म्हणून कोणी जागा देईना. पारशी वसतिगृहातूनही त्यांना बाहेर काढले गेले. करारात नोकरी होती, निवाऱ्याची हमी नव्हती. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले ते सिडनहॅम कॉलेजातल्या पगाराची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडचे पाच हजारांचे कर्ज यांच्या जोरावर. एकाच माणसाच्या शिक्षणासाठी बंधपत्र, बचत, देणगी आणि हातउसने, सगळे लागले.

आनंदीबाई जोशी त्याआधी तीस वर्षे, १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या. धर्मांतराशी जोडलेली मदत त्यांनी घेतली नाही. अंगावरचे सोने विकले. १८९२ मध्ये जमशेटजी टाटांनी विद्यार्थ्यांना कर्ज देणारा निधी काढला. फेडलेला पैसा पुढच्याच्या कामी यावा, हा त्यामागचा हिशेब.

यंदा ओळखीतल्या शेतकरी घरातल्या एका मुलीचे अमेरिकन कॉलेजचे प्रवेशपत्र मी पाहिले. प्रवेश होता, पैसा नव्हता. तिने अर्जातल्या ‘आर्थिक मदत हवी का?’ या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिले होते, मदत मागितली तर प्रवेश नाकारतील या धास्तीने. धास्ती अगदीच खोटी नाही. बहुतेक अमेरिकन कॉलेजे परदेशी विद्यार्थ्याची ऐपत पाहूनच निर्णय घेतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅम्हर्स्ट अशी मोजकीच ऐपत न पाहता निवडतात आणि मग गरज असेल तितकी मदत देतात. पण एकदा ‘नाही’ लिहिले की अनेक ठिकाणी पुढच्या वर्षांतही मागता येत नाही. पदवीच्या विद्यार्थ्याने म्हणूनच आधी कॉलेजची मदतीची रीत वाचावी, क्रमवारी नंतर. ‘गरज’ म्हणजे काय हेही कॉलेजच ठरवते. सीएसएस प्रोफाइल नावाच्या फॉर्मवर घरचे उत्पन्न, मालमत्ता, भावंडांचा खर्च मांडावा लागतो. अमेरिकन सरकारची मदत परदेशी मुलांना नाही. पहिल्या वर्षाचा पैसा दाखवल्याशिवाय व्हिसासाठी लागणारा आय-२० कागद कॉलेज देत नाही. सत्र चालू असताना कॉलेजच्या आवारात आठवड्याला वीस तास काम करता येते, पण त्यातून शुल्क भागत नाही, फार तर हातखर्च.

राहते बँकेचे कर्ज. साडेसात लाखांच्या वर सरकारी बँका सहसा तारण मागतात आणि शेतजमीन तारण म्हणून घ्यायला बहुतेक नाखूश असतात. दहा एकरांच्या मालकाला कर्ज नाही, शहरात दोन खोल्यांचा फ्लॅट असलेल्याला आहे, हे गणित मला तरी अजून पटलेले नाही. त्या मुलीचे वडील सात-बारा घेऊन तीन बँकांत जाऊन आले. आता ती पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार आहे. त्या प्रश्नापुढे ‘हो’ लिहून.