शेवटचे चौऱ्याऐंशी किलोमीटर

बँकॉक मुंबईपासून किती लांब? नकाशावर सरळ दोरी धरली तर सुमारे ३,००० किलोमीटर. विमानाने चार-साडेचार तास. जावयाला आणायला विमानतळावर निघालेल्या मंडळींना एवढे उत्तर पुरते.

पण हेच अंतर शहापूर-मुरबाडच्या बाजूने मोजून पाहा. शहापूरला जायचे म्हणजे आसनगावला उतरायचे. हे स्टेशन मुंबईपासून सुमारे ८६ किलोमीटर. लोकलने जवळजवळ दोन तास, आणि बसायला जागा मिळाली तर नशीब! मुरबाडला तर रेल्वेच नाही; कल्याणला उतरून एस. टी. गाठायची. रात्री याच मुलखावरून मुंबईकडे उतरणाऱ्या विमानांचे दिवे सरकताना दिसतात. भर वेगातले जेट विमान मिनिटाला सुमारे १५ किलोमीटर कापते. म्हणजे आपले दोन तासांचे आसनगाव त्याच्या लेखी अवघ्या सहा मिनिटांवर!

या काही मिनिटांच्या हिशेबात १९६२ साली ९४ माणसे गेली.

अलितालिया कंपनीचे डीसी-८ जातीचे विमान सिडनीहून रोमला निघाले होते. ६ जुलैला, आपल्या घड्याळाप्रमाणे रात्री पावणेनऊच्या सुमारास, त्याने बँकॉक सोडले. पुढचा मुक्काम मुंबई. मध्यरात्र उलटून दहा मिनिटे झाली असतील. पावसाळ्याचे दिवस, मिट्ट काळोख, बाहेरचे काही दिसत नाही, सारी भिस्त यंत्रांवर. वैमानिकाची समजूत अशी, की मुंबई आता जवळ आली. त्याने उंची कमी केली. प्रत्यक्षात मुंबई अजून सुमारे ८४ किलोमीटर दूर होती. जुन्नरजवळच्या डोंगरावर विमान आदळले. ८५ प्रवासी आणि ९ कर्मचारी. एकही वाचला नाही.

चौकशीत निष्पन्न झाले ते एवढेच : आपण कोठे आहोत याचा अंदाज चुकला आणि विमान वेळेआधी खाली आणले गेले. खरी जागा पडताळून पाहण्याची साधने उपलब्ध होती, ती वापरली गेली नाहीत. ठरलेली किमान उंची राखली गेली नाही. शिवाय वाटेतल्या डोंगराळ प्रदेशाची ओळख नव्हती.

ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मुरबाडच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. पूर्वेला सह्याद्रीची भिंत कशी उभी आहे ते तो सांगेल. नाणेघाट चढून गेले की जुन्नरचा मुलूख. तिकडे डोंगरमाथे तीन-चार हजार फुटांवर, हरिश्चंद्रगड तर साडेचार हजारांच्याही वर. आणि घाट उतरताच जमीन एकदम खाली, भाताच्या खाचरांत. घाटाखाली जी उंची निर्धास्त, तीच घाटमाथ्यावर प्राणघातक. या दोहोंमध्ये जेटच्या प्रवासाची एखाददोन मिनिटेच असतात. तीन हजार किलोमीटरचा सारा प्रवास निर्विघ्न पार पडला होता, आणि घात झाला तो या कडेवरच्या पट्टीत.

आता जमीन धोकादायकरीत्या जवळ येऊ लागली तर वैमानिकाला ओरडून सावध करणारे यंत्र विमानात असते. उपग्रहांमुळे स्वतःची जागाही क्षणोक्षणी कळते. प्रवाशांसमोरच्या पडद्यावरसुद्धा राहिलेले अंतर दिसत असते. मुले ते मोठ्या आवडीने पाहतात. पूर्वेकडून दिवसा येत असाल आणि आभाळ मोकळे असेल, तर पडद्याऐवजी खिडकीतून पाहा. आधी उंच पठार, मग एकाएकी तुटलेला कडा, आणि त्याखाली मुरबाडची शेते. कडा ओलांडला, की मुंबई काही मिनिटांवर.