अंगणातील व गोठ्यातील फरशी का खचते?

मराठवाड्यात घरापुढील अंगण, गोठा आणि धान्य वाळविण्याची जागा यांवर फरशी घालण्याची पद्धत जुनी आहे. पूर्वी शहाबादेहून येणारी चुनखडीची फरशी व स्थानिक काळा पाषाण यांचाच वापर होत असे. अलीकडे त्यांच्या जोडीला सिमेंटचे ठोकळे, ज्यांना सर्वत्र पेव्हर ब्लॉक म्हणतात, तेही गावोगाव दिसू लागले आहेत. या कामी शेतकऱ्याचा बराच पैसा खर्च होतो. परंतु छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण, गंगापूर, वैजापूर या गोदाकाठच्या तालुक्यांत भारी काळ्या जमिनीवर घातलेली फरशी दोन-तीन पावसाळ्यांतच एका बाजूस खचते व दुसऱ्या बाजूस वर येते. मग उन्हाळ्यात गवंडी बोलावून सखल भागावर सिमेंटचा माल थापला जातो आणि पुढील वर्षी तो माल फरशीसकट तडकतो. असा खर्च दरसाल करणारे शेतकरी थोडे नाहीत.

ही केवळ शोभेची बाब नव्हे. गोठ्यातील खचलेल्या फरशीवर मूत्र व पाणी साचते. त्यात सतत उभे राहिल्याने जनावरांचे खूर मऊ पडतात आणि घाणीत बसणाऱ्या दुभत्या जनावरास कासदाह होण्याचा धोका वाढतो. ओल्या, उंचसखल जागेवर बैलाचा पाय घसरला तर ऐन पेरणीत जोडी मोडते. गाभण गाय पडली तर वासरूही जाण्याची भीती असते. धान्य वाळविण्याच्या जागी खळग्यात पाणी साचले की तूर व हरभरा खालून ओला राहतो आणि पोत्यात भरल्यावर त्यास बुरशी येते.

वस्तुतः फरशी आपण होऊन खचत नाही. तिच्याखालची माती हालते. बेसाल्ट खडक झिजून तयार झालेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज मोठ्या प्रमाणात असते. त्याचे सूक्ष्म कण पापुद्र्यांचे बनलेले असून पाणी त्या पापुद्र्यांच्या मध्ये शिरते व माती फुगते. पाणी उडून गेले की तीच माती आकसते आणि वैशाखात जमिनीस हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यातील ओल धरून ठेवण्याच्या ज्या गुणामुळे या जमिनीत रब्बीची ज्वारी बिनपाण्याची पिकते, तोच गुण फरशीस घातक ठरतो. फरशीच्या मध्यभागाखाली ओल वर्षभर बऱ्याच अंशी सारखी राहते. कडेची माती मात्र उन्हाळ्यात सुकते व पावसाळ्यात फुगते. म्हणून बहुधा कडा प्रथम बिघडतात.

खुलताबाद व वेरूळच्या डोंगराळ भागात उथळ, मुरमाड जमीन आहे. तेथे नुसती वाळू पसरून बसविलेली फरशीही वर्षानुवर्षे टिकते. तोच गवंडी तीच पद्धत घेऊन पैठणकडे आला की काम फसते आणि दोष गवंड्याच्या हातावर किंवा फरशीच्या प्रतीवर जातो. तेव्हा फरशी विकत घेण्यापूर्वी माती पाहणे आवश्यक आहे.

ही परीक्षा घरीही करता येते. फरशीखालच्या थरातील माती वाळवून बारीक करावी व वस्त्रगाळ करावी. सरळ उभ्या बाजूंच्या दोन सारख्या, उंच काचेच्या भांड्यांत ती समप्रमाणात, तळाशी थोडी थोडी घालावी. एकात पाणी व दुसऱ्यात रॉकेल भरावे, काडीने ढवळून हवेचे बुडबुडे घालवावेत आणि भांडी २४ तास हलवू नयेत. रॉकेलात माती फुगत नाही. पाण्यातील मातीचा थर रॉकेलातील थराच्या दीडपट वा त्याहून उंच झाला, तर ती माती चांगलीच फुगणारी आहे असे समजावे. प्रयोगशाळेतही याच तत्त्वावर मापे घेतात. रॉकेलाचे भांडे चुलीपासून दूर ठेवावे, हे सांगावयास नकोच.

फरशी आधीच खचली असेल तर दोष कोणता, हे प्रथम ठरवावे. घराच्या पक्क्या जोत्यावर एक आडवी खूण करून तिच्यापासून फरशी किती खाली आहे, याचे माप मे महिन्यात व पुन्हा सप्टेंबरमध्ये घ्यावे. माप ऋतूप्रमाणे कमीजास्त होत असेल तर काळी माती हालत आहे. फरशी केवळ खालीच जात असेल, विशेषतः नळाच्या चरावर किंवा बुजविलेल्या खड्ड्यावर, तर तेथील भर नीट दाबली गेली नव्हती. पहारीने हलके ठोकले असता पोकळ आवाज आला तर घुशीचे बीळही असू शकते. ते दगड व मुरूम ठासून बुजवावे.

सैल भरावाचा दोष दूर करणे सोपे असते. खचलेल्या जागेच्या सभोवार एक ओळ जास्त धरून फरशा काढाव्यात व खडूने त्यांवर क्रमांक घालावेत. जुनी वाळू व सैल भर काढून टाकावी. नंतर किंचित ओलसर केलेला मुरूम १० ते १५ सेंटिमीटरच्या थरांनी भरून प्रत्येक थर धुम्मसाने ठोकावा. त्यावर सुमारे ३ सेंटिमीटर जाडीची वाळू सरळ फळीने ओढून सारखी करावी आणि फरशी नियोजित पातळीपेक्षा काही मिलिमीटर उंच बसवावी. ठोकताना ती खाली येते. सांध्यांत कोरडी, बारीक वाळू झाडूने भरावी. खळगा भरण्यासाठी वाळूचाच जाड थर देण्याची चूक मात्र सर्रास होते. ट्रॅक्टरचे चाक येताच अशी वाळू बाजूस सरकते व खळगा पुन्हा पडतो.

काळ्या मातीचा दोष यापेक्षा कठीण आहे. माती खणून काढावी व तिच्या जागी मुरूम भरावा, हा सर्वमान्य उपाय होय. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. कट्टी यांनी कालव्यांच्या अस्तरासाठी, न फुगणाऱ्या परंतु चिकटून बसणाऱ्या मातीचा थर काळ्या मातीवर देण्याची रीत सिद्ध केली. कालव्याच्या कामात असा थर सुमारे एक मीटरपर्यंत जाड ठेवावा लागतो. अंगणासाठी तेवढा खर्च परवडत नाही; तथापि पायवाटेखाली ३० सेंटिमीटर व ट्रॅक्टरच्या वाटेखाली ४५ ते ६० सेंटिमीटर मुरूम दिला तर हालचाल पुष्कळ कमी होते. ती अजिबात थांबेल, असे आश्वासन कोणी देऊ नये. मुरमात थोडा चिकटपणा असावा, पण काळी माती मिसळलेली नसावी.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. काळ्या जमिनीत खणलेला खड्डा खडीने किंवा वाळूने भरला की तो जमिनीखालचा हौदच बनतो. सांध्यांतून उतरलेले पावसाचे पाणी खडीत साचते, खालच्या चिकणमातीतून ते निचरत नाही आणि ती माती महिनोन्‌महिने फुगत राहते. अशा कामात फरशी बसविण्यापूर्वी खर्च केलेली खडी उलट फरशी उचलण्याचे काम करते. म्हणून मुरूम भरण्यापूर्वीच खड्ड्याच्या तळास घरापासून दूर उतार द्यावा व सखल टोकाशी पाण्यास बाहेर जाण्याची वाट ठेवावी. मुरमाचा थर फरशीच्या कडेपुढे किमान ६० सेंटिमीटर न्यावा; कडेच्या ओळीस काँक्रीटचा आधार द्यावा. मुरूम दुर्मिळ असेल तेथे वरच्या १५ सेंटिमीटर मातीत वजनाच्या ४ ते ५ टक्के विझविलेला चुना मिसळून, ओलसर ठेवून दाबल्यास तिचे फुगणे कमी होते. चुना हाताळताना डोळे व हात जपावेत.

पाणी दूर ठेवणे हा प्रतिबंधाचा गाभा आहे. जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत येतो. छपराच्या पागोळ्या फरशीच्या कडेवरच पडत असतील तर पन्हळ बसवून पाणी लांब सोडावे. घरोघरी नळ आल्यापासून सांडपाणीही अंगणातच मुरू लागले आहे. भारी काळ्या जमिनीत फरशीलगत खणलेला शोषखड्डा पाणी शोषत नाही. तो कडेची माती भिजवीत राहतो. असे सांडपाणी नालीने परसबागेकडे न्यावे. फरशीच्या अगदी कडेस मोठे झाड असल्यास त्याची मुळे उन्हाळ्यात ओल ओढून घेतात व ती बाजू खचते. नवे झाड लावताना तरी अंतर राखावे.

गोठ्यात दर मीटरला दोन सेंटिमीटर उतार मोरीकडे असावा. तेथे सांधे सिमेंटने भरणे भाग पडते, अन्यथा मूत्र खाली झिरपते. म्हणून गोठ्याची तळची भर अधिक काळजीने दाबावी. गुळगुळीत शहाबादी फरशी छिन्नीने खरबरीत करून घ्यावी. अंगणात मात्र सांध्यांत वाळूच बरी. ती थोडी हालचाल सहन करते व फरशी पुन्हा काढून बसविता येते. पेव्हर ब्लॉक पायवाटेस ६० मिलिमीटर जाडीचे चालतात, भरलेली ट्रॉली जाणाऱ्या वाटेस ८० मिलिमीटरचे घ्यावेत.

काम कोणत्या हंगामात करावे, यालाही महत्त्व आहे. मे महिन्यात भेगाळलेल्या मातीवर घातलेली फरशी श्रावणात वर येते आणि श्रावणात फुगलेल्या मातीवर घातलेली फरशी पुढील वैशाखात खाली जाते. कार्तिक-मार्गशीर्षात माती मध्यम ओलीवर असते. तूर व हरभरा वाळत घालण्यापूर्वी जागाही तयार होते. काम झाल्यावर पुढील मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीत घरच्या माणसाने अंगणात उभे राहून पाणी कोठे थांबते ते पाहावे, तेथे खूण करून ठेवावी व पाऊस ओसरल्यावर तेवढ्याच फरशा काढून पुन्हा बसवाव्यात.